न विचारलेला प्रश्न

हैदराबाद शहरात मुसी नदीच्या उत्तर तीरावर, अफजलगंजाला लागून, गौलीगुडा हा जुना मोहल्ला आहे. नावावरून पाहता ही मूळची गवळ्यांची वस्ती असावी. पुढे सुलतान बाजार, काचीगुडा या भागांप्रमाणे येथेही मराठी कुटुंबे येऊन स्थायिक झाली. जवळच जामबागेत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी ही शाळा निघाली आणि निजामाच्या राजवटीत मराठी भाषेला तिने आसरा दिला. या मोहल्ल्याच्या एका अंगास अफजलगंजाचे इस्पितळ, तर दुसऱ्या अंगास कोठीचा औषधांचा घाऊक बाजार. एकीकडे औषधाची परीक्षा व्हावयाची, दुसरीकडे औषधाची विक्री व्हावयाची. या दोहोंच्या मध्ये राहणाऱ्या गृहिणीला त्या परीक्षेत कोणी काही विचारले काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. आणि त्यासाठी निवडलेले औषध म्हणजे नैराश्यावरील गोळ्या.

औषध शरीरात काय काय घडवून आणते हे वैद्यकाला आपोआप कळत नाही. कोणीतरी प्रश्न विचारावा लागतो, आणि ज्या दिशेने प्रश्न विचारला जातो त्याच दिशेने उत्तर मिळते. या गोष्टीचे एक प्रसिद्ध उदाहरण गौलीगुड्याच्या शेजारीच घडले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शस्त्रक्रियेसाठी क्लोरोफॉर्म देताना अधूनमधून रुग्ण दगावत. ते श्वास थांबून दगावतात की हृदय बंद पडून, हा वाद युरोपात पेटला होता. हैदराबादच्या वैद्यकीय विद्यालयाचे प्रमुख आणि रेसिडेन्सीचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांचे मत ठाम होते : श्वासावर लक्ष ठेवा, नाडीची चिंता करू नका. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या आश्रयाने १८८८ मध्ये पहिले क्लोरोफॉर्म कमिशन बसले. लंडनच्या 'लॅन्सेट' नियतकालिकाने त्याच्या निष्कर्षाबद्दल शंका व्यक्त करताच निजाम सरकारने एक हजार पौंड देऊ केले आणि १८८९ मध्ये लॉडर ब्रंटन यांच्यासारखा नाणावलेला औषधशास्त्रज्ञ दुसऱ्या कमिशनसाठी हैदराबादेस आला. या काळात भूल देण्याच्या कामात रूपाबाई फर्दुनजी या पारशी विद्यार्थिनीचाही सहभाग होता. १८८५ मध्ये वैद्यकीय विद्यालयात प्रवेश मिळविणाऱ्या पाच स्त्रियांपैकी त्या एक. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते.

दुसऱ्या कमिशनने लॉरी यांचाच पक्ष उचलून धरला. परंतु १९११ मध्ये ए. जी. लेव्ही या इंग्रज संशोधकाने दाखवून दिले की, हलक्या भुलेच्या अवस्थेत क्लोरोफॉर्ममुळे हृदयाचे ठोके एकाएकी विस्कळीत होऊन मृत्यू ओढवू शकतो. हैदराबादच्या प्रयोगांत परिश्रमांची किंवा प्रामाणिकपणाची कमतरता नव्हती. श्वासाला भरपूर प्रश्न विचारले गेले, म्हणून श्वासाने भरपूर उत्तरे दिली. हृदयाला योग्य वेळी, योग्य रीतीने प्रश्न विचारला गेला नाही, म्हणून ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचा अर्थ मात्र 'हृदय निर्धोक आहे' असा लावला गेला. विसाव्या शतकात नैराश्यावरील औषधांच्या बाबतीत याच चुकीची पुनरावृत्ती झाली. फरक एवढाच की, या वेळी गप्प राहणारे मुके इंद्रिय नव्हते. त्या बोलू शकणाऱ्या स्त्रिया होत्या.

या औषधांच्या जन्मकथेत भारताचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्याकडील वनस्पतीचा रक्तदाबावरील उपयोग १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मधून जगापुढे मांडला. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पारितोषिक मिळाले. सर्पगंधेतून १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रेझर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. या द्रव्याने रक्तदाब उतरे, मनाचा क्षोभही शमे. परंतु काही रुग्ण ते घेता घेता खोल विषादात बुडत असल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. १९५५ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखविले की, रेझर्पिनमुळे सेरोटोनिन या द्रव्याचा शरीरातील साठा रिता होतो. मेंदूतील रसायने आणि मनाची उभारी यांचा काही संबंध असावा, या विचाराला येथून बळ मिळाले.

त्याच सुमारास दोन औषधे जवळजवळ योगायोगाने हाती लागली. न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू इस्पितळात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले असता, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेली माणसे उल्हसित होऊ लागली. दुसरीकडे स्वित्झर्लंडमधील म्युन्स्टरलिंगेन येथील डॉ. रोलांड कून यांनी १९५६ च्या जानेवारीत विषादाने ग्रासलेल्या एका स्त्रीरुग्णाला इमिप्रामिन दिले. काही दिवसांतच तिच्यात पालट दिसू लागला, आणि १९५७ मध्ये कून यांनी आपले निरीक्षण झुरिचच्या परिषदेत मांडले. नैराश्यावरील औषधांच्या युगाचा आरंभ असा एका स्त्रीपासून झाला. पुढेही या औषधांच्या सेवनात स्त्रियांची संख्या मोठी राहिली, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे नैराश्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत सुमारे दीडपट आहे.

या गोळ्यांचे दुष्परिणाम लवकरच नोंदले गेले : तोंडाला कोरड, बद्धकोष्ठ, घेरी, हातांचा कंप. दांपत्यसुखावर होणाऱ्या परिणामांची नोंद मात्र तुरळक राहिली, आणि जी झाली तीत पुरुषांच्या तक्रारींना अग्रस्थान मिळाले. त्याचे कारण उघड आहे. पुरुषाच्या शरीरातील बिघाड दृश्य असतो, त्याने वंशवृद्धीला अडथळा येतो, आणि त्यासाठी तो डॉक्टरांकडे जातो. स्त्रीची कामेच्छा ओसरली, स्पर्शाची संवेदना बोथट झाली, कामतृप्तीचा क्षण लांबला किंवा नाहीसाच झाला, तरी संसार बाहेरून चालूच राहतो. अपत्येही होतात. ज्याने काही अडत नाही ते कोणी टिपून ठेवीत नाही.

ही उणीव स्पष्टपणे उघडकीस आणणारा एक प्रयोग १९८७ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. क्लोमिप्रामिन हे औषध घेणाऱ्या, आणि पूर्वी कामतृप्तीचा सामान्य अनुभव असलेल्या २४ स्त्रीपुरुष रुग्णांची तपासणी करण्यात आली. त्यांपैकी २२ जणांत तो अनुभव अंशतः किंवा पूर्णतः नाहीसा झाला होता. औषधी गुण नसलेली गोळी घेणाऱ्या नऊ जणांपैकी एकालाही असे झाले नव्हते. त्याहूनही बोधप्रद गोष्ट अशी की, लेखी प्रश्नावलीतून यातील थोड्याच तक्रारी बाहेर आल्या, तर समोरासमोर बसून नेमके विचारल्यावर जवळजवळ सर्व बाहेर आल्या. कागदावर खूण करण्याचा संकोच वाटणारी माणसे जाणत्या माणसापुढे मात्र बोलती झाली.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फ्लुओक्सेटिनला संमती दिली आणि ते 'प्रोझॅक' या नावाने बाजारात आले. मेंदूतील पेशी एकदा स्रवलेले सेरोटोनिन पुन्हा शोषून घेतात. या औषधाने ते शोषण थांबते आणि सेरोटोनिनचा प्रभाव वाढतो. जुन्या औषधांपेक्षा ते निर्धोक होते, जास्त मात्रेनेही सहसा जीव जात नसे, आणि लाखो लोकांना त्याने उभे केले, हे निर्विवाद आहे. परंतु ज्या काळात ही औषधे पारखली गेली त्या काळाचा एक नियम येथे ध्यानात घेतला पाहिजे. १९७७ मध्ये अमेरिकी प्रशासनाने, गर्भधारणा होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना औषधपरीक्षेच्या आरंभीच्या टप्प्यांतून वगळावे असे मार्गदर्शन केले होते. ते १९९३ मध्ये मागे घेण्यात आले. हेतू गर्भाच्या रक्षणाचा होता. परिणाम मात्र असा झाला की, औषधाची पहिली ओळख प्रामुख्याने पुरुषाच्या शरीरावरून करून घेतली गेली. पुढच्या टप्प्यांत स्त्रिया आल्या. पण त्यांना या विषयावर मुद्दाम प्रश्न विचारण्याची प्रथा नव्हती. जी आपणहून सांगेल तिचीच तक्रार नोंदली जाई. साहजिकच आरंभीच्या माहितीपत्रकांत हा दुष्परिणाम शेकडा काही थोड्यांनाच होतो असे छापले गेले.

खरे प्रमाण किती, याचा अंदाज १९९७ मध्ये स्पेनमधून आला. डॉ. मोंतेहो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वर्गातील चार औषधे घेणाऱ्या ३४४ रुग्णांची पाहणी केली. त्यांत १९२ स्त्रिया होत्या. आपणहून तक्रार सांगणारे शेकडा १४ निघाले. डॉक्टरांनी थेट विचारल्यावर तेच प्रमाण शेकडा ५८ झाले. औषध तेच होते. बदलला होता तो फक्त प्रश्न. बाधितांचे प्रमाण पुरुषांत किंचित अधिक आढळले, परंतु बाधेची तीव्रता स्त्रियांत अधिक आढळली. सहा महिन्यांत ही तक्रार आपोआप पूर्णपणे गेली असे रुग्ण शेकडा सहासुद्धा नव्हते. पुढे या औषधांच्या अमेरिकी माहितीपत्रकांतच अशी कबुली छापली जाऊ लागली की, रुग्ण आणि डॉक्टर या विषयावर बोलण्यास संकोचतात, म्हणून दिलेले आकडे वस्तुस्थितीपेक्षा कमी असू शकतील.

या औषधाच्या इतिहासात हैदराबादचे नाव पुन्हा एकदा येते. येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या सरकारी कंपनीचा कृत्रिम औषधांचा कारखाना उभा राहिला, आणि शहरात रसायनशास्त्रज्ञांची एक पिढी तयार झाली. त्या पिढीतील अंजी रेड्डी यांचे शिक्षण मुंबईच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत झाले होते. १९८४ मध्ये त्यांनी डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज ही कंपनी काढली. १९७० च्या पेटंट कायद्याप्रमाणे भारतात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नसे, केवळ तयार करण्याच्या कृतीवर मिळे. ही व्यवस्था २००५ पर्यंत टिकली. त्यामुळे परदेशात महाग असलेली औषधे येथे स्वस्त झाली. २००१ च्या ऑगस्टमध्ये प्रोझॅकवरील पेटंटचा अंमल संपताच डॉ. रेड्डीजने ४० मिलिग्रॅमची फ्लुओक्सेटिन कॅप्सूल अमेरिकेत आणली आणि ती विकण्याचा १८० दिवसांचा एकाधिकार मिळविला. असा मान मिळविणारी ती पहिली भारतीय कंपनी ठरली. हैदराबादेत तयार झालेली गोळी अमेरिकेतील स्त्रीच्या हाती पडली, आणि तशीच गोळी कोठीच्या बाजारातून गौलीगुड्यातील स्त्रीच्या हातीही पडत होती. गोळी स्वस्त झाली आणि सर्वत्र पोचली. तिच्याविषयीचा प्रश्न मात्र तितक्या सहजतेने पोचला नाही.

या दुष्परिणामाची शारीरिक बाजू आता बरीच उलगडली आहे. सेरोटोनिन वाढले की मनातील भीती आणि खिन्नता शमते, परंतु इच्छा आणि आनंद यांना चालना देणाऱ्या डोपामिनचा वेग त्याने मंदावतो. मज्जारज्जूतून जाणाऱ्या संदेशांनाही आवर बसतो. म्हणून कामेच्छा कमी होते, शरीराची ओलसर सिद्धता घटते, स्पर्श जणू जाड कापडाआडून झाल्यासारखा वाटतो, आणि तृप्ती लांबते किंवा येतच नाही. येथे एक विवेक करावा लागतो. नैराश्य हा रोगच इच्छा मारतो. अन्न, संगीत, संगत यांबरोबर शरीरसुखाचीही गोडी तो हिरावून घेतो. तेव्हा प्रत्येक तक्रारीचे खापर गोळीवर फोडणे योग्य नव्हे. पण मन उभारी घेत असताना, झोप आणि भूक परतली असताना, शरीर मात्र बधिर राहते, असे जर स्त्री सांगू लागली तर तो रोग नव्हे, औषध बोलत आहे, असे समजावे.

तथापि ती सांगणार कोणाला? महाराष्ट्रात हा प्रश्न उघडपणे मांडणारा एक पुरुष होऊन गेला. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. कामसुखावर स्त्रीचा पुरुषाइतकाच हक्क आहे, हे त्यांचे आग्रहाचे प्रतिपादन होते. वाचकांनी पाठविलेल्या खाजगी प्रश्नांना ते मासिकातून शास्त्रीय उत्तरे देत. त्या उत्तरांबद्दलच त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांची बाजू मांडली, तरी शेवटी त्यांना दंड भरावा लागला. प्रश्न विचारणारा वाचक आणि उत्तर देणारा संपादक यांच्यामध्ये न्यायालय उभे राहिले, ही गोष्ट मराठी समाजाने विसरण्याजोगी नाही. पुढे के. ई. एम. इस्पितळात डॉ. प्रकाश कोठारी यांच्या प्रयत्नांनी कामविज्ञानाचा स्वतंत्र विभाग आकाराला आला, आणि जो विषय मासिकाच्या पानावर अपराध ठरला होता तो इस्पितळाच्या दारात वैद्यकाचा विषय झाला. २०१२ मध्ये चंडीगडच्या मनोचिकित्सकांनी नैराश्यावरील औषधे घेणाऱ्या विवाहित स्त्रियांचाच स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. विलंब झाला, परंतु वाट मोकळी झाली.

तरीही नेहमीच्या दवाखान्यातील चित्र फारसे बदललेले दिसत नाही. स्त्री एकटी क्वचितच येते. सासू, पती किंवा मुलगा बरोबर असतो. बाहेर रांग असते. डॉक्टर झोप आणि भूक विचारतात, गोळी लिहून देतात. अविवाहिता, विधवा, पन्नाशी उलटलेली स्त्री यांना हा प्रश्न विचारण्याची गरजच नाही, असे गृहीत धरले जाते. पतीला वाटते, हिचे मन उडाले. तिला वाटते, आपल्यातच काही खोट आहे. दोघांपैकी कोणीही गोळीचा संशय घेत नाही. किंवा संशय येतो तेव्हा ती कोणाला न सांगता गोळी बंद करते. एकाएकी गोळी सोडल्याने घेरी, अस्वस्थता, निद्रानाश असा त्रास होतो, आणि पुष्कळदा मूळचा विषाद अधिक जोराने परततो. मग 'औषधाने गुण आला नाही' अशी नोंद होते. न विचारलेल्या प्रश्नाची किंमत अशी कधी मोडलेल्या घराने, तर कधी गमावलेल्या जीवानेही चुकवावी लागते.

वास्तविक उपाय आहेत. मात्रा कमी करता येते; ज्या औषधांत हा दोष कमी आहे, उदाहरणार्थ ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिन, ते देता येते; काही वेळा एकाला दुसऱ्याची जोड देता येते. पुरुषांसाठी १९९८ मध्ये आलेल्या सिल्डेनाफिलची या दुष्परिणामाने पीडित अशा ९८ स्त्रियांवरील परीक्षा २००८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाली आणि तिला मर्यादित यश आले. या दोन सालांमधील दहा वर्षांचे अंतर पुरेसे बोलके आहे. यांपैकी कोणताही उपाय डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावयाचा असतो. परंतु सल्ला मागण्यासाठी आधी तक्रार शब्दांत यावी लागते.

प्रश्न अद्याप संपलेले नाहीत. औषध थांबविल्यावर हा त्रास जातो, असे दीर्घकाळ सांगितले गेले. परंतु काहींच्या बाबतीत तो औषध सोडल्यानंतरही महिनोन्महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकतो, असे रुग्ण सांगत राहिले. २०१९ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने या शक्यतेचा इशारा माहितीपत्रकांत घालण्याची शिफारस केली; २०२१ मध्ये कॅनडाच्या आरोग्य खात्यानेही तीच दिशा धरली. हे घडले ते प्रामुख्याने रुग्णांनी चिकाटीने बोलत राहिल्यामुळे. लॉरी यांच्या निष्कर्षातील उणीव उघड होण्यास बावीस वर्षे लागली होती. येथे पहिल्या गोळीपासून या इशाऱ्यापर्यंत साठांहून अधिक वर्षे गेली.

अफजलगंजाच्या जुन्या इस्पितळाची जागा १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर उस्मानिया इस्पितळाच्या घुमटांनी घेतली, आणि क्लोरोफॉर्म शस्त्रक्रियागृहातून केव्हाच हद्दपार झाला. त्या कमिशनचा धडा मात्र टाकाऊ झालेला नाही. औषधाची परीक्षा प्रयोगशाळेत संपत नाही. ती प्रत्येक रुग्णाबरोबर नव्याने होत असते, आणि तिच्यातील साक्षीदार स्वतः रुग्णच असतो. गोळी लिहून देताना डॉक्टरांनी झोप आणि भूक यांच्या जोडीला आणखी एक प्रश्न, शांतपणे आणि एकांतात, विचारावा. आणि स्त्रीनेही त्याचे उत्तर देण्यात कमीपणा मानू नये. नैराश्यातून बाहेर पडलेल्या माणसाला केवळ दुःखातून सुटका नव्हे, तर सुखाचा अनुभवही परत मिळावयास हवा. त्यातील एक भाग तिने मुकाट्याने सोडून द्यावा, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार वैद्यकाला नाही आणि समाजालाही नाही.